नीतीचा तास आणि केडगावचा मळा

शाळेने मुलांना नीती शिकवावी, याविषयी आपल्याकडे सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते ती कोणत्या पुस्तकातून, कोणाच्या देवाला साक्ष ठेवून आणि वेळापत्रकातील कोणत्या तासाला शिकवावी, या तपशिलावर. हा वाद आजचा नाही. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने अशी शिफारस केली होती की, सर्व धर्मांना मान्य होतील अशा मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिविषयक पाठ्यपुस्तक तयार करावे आणि महाविद्यालयांतून मनुष्याची व नागरिकाची कर्तव्ये या विषयावर दरवर्षी एक व्याख्यानमाला व्हावी. आयोगाचे एक सभासद काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडून या शिफारशीला विरोध नोंदवला. तेलंग काही नीतीचे वैरी नव्हते. गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा हा विद्वान पुढे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. तरीही नीतीचे क्रमिक पुस्तक त्यांना नको होते. नंतर सरकारनेही ती सूचना बासनात बांधून ठेवली.

याच आयोगापुढे पुण्यात एका चोवीस वर्षांच्या विधवेची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात, त्या शाळांच्या तपासणीसाठी स्त्रिया नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असे तिचे म्हणणे होते. नीतीच्या पुस्तकाशी या साक्षीचा वरकरणी संबंध नाही. परंतु धर्म आणि नीती यांचा आधार घेऊन शाळेने जबाबदार माणूस कसा घडवावा, या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत धाडसी आणि म्हणूनच सर्वांत वादग्रस्त उत्तर पुढे याच बाईंनी दिले. पंडिता रमाबाई हे त्यांचे नाव, आणि त्या उत्तराची जागा म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव.

केडगावच्या संस्थेविषयी बोलताना श्रद्धाळू लोक ईश्वरी योजनेचा उल्लेख करतात आणि टीकाकार धर्मांतराचा. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याची नजर मात्र प्रथम तेथील जमाखर्चाकडे जाते. रमाबाईंनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देऊन जे साहाय्यक मंडळ १८८७ मध्ये बॉस्टनला उभे केले, त्याने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय, हा प्रश्न ईश्वरावर सोडून देण्याइतक्या रमाबाई अव्यवहारी नव्हत्या. त्यांनी केडगावजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि तीत फळबागेचा घाट घातला. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हेतू. म्हणजे केडगावचा आरंभ हा एका संस्थेने परावलंबन संपवण्यासाठी केलेल्या भांडवली गुंतवणुकीचा आरंभ आहे. आजच्या कित्येक शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांनी हा भाग आवर्जून वाचावा असा आहे.

मळ्यात झाडे रुजत होती तोच दुष्काळ आला. १८९६-९७ च्या त्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात गमावले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्या मळ्यावर नेल्या. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तर तेथील संख्या २,००० च्या घरात गेली. ज्या मळ्याने शंभर-पन्नास विद्यार्थिनींचा खर्च उचलावा अशी कल्पना होती, त्याच्या आश्रयाला एक लहानसे गावच येऊन राहिले.

या गावात शाळा होती, आणि शाळेभोवती शेत, गाईगुरे, हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी वेगळे. लहान मुलांना शिकवण्याची बालोद्यान पद्धत रमाबाई अमेरिकेत अभ्यासून आल्या होत्या. धर्मशिक्षणाचा तास तर होताच. ही ख्रिस्ती संस्था होती आणि तिने ते कधी लपवले नाही. पण येथील मुलीला जबाबदारीची ओळख केवळ त्या तासाला झाली असेल असे मला वाटत नाही. गुजरातमधून उपाशी आलेली एखादी मुलगी काही वर्षांनी छापखान्यात खिळे जुळवू लागते. एक खिळा उलटा पडला तर तो कच्च्या छापावर सर्वांना दिसतो, आणि तो आपल्याच हाताने काढून पुन्हा बसवावा लागतो. त्या चुकीवर प्रवचन करण्याची कोणाला गरज पडत नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते याच छापखान्यात याच स्त्रियांनी जुळवून छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये. मालक नजरेआड झाल्यावर काम चालू राहते की थांबते, ही जबाबदारीची कसोटी कोणताही कारखानदार सांगेल. त्या कसोटीला केडगावच्या बायका उतरल्या.

हाच अनुभव साताऱ्याकडेही आला. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन वसतिगृहात शिकत असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि त्यानंतर स्नान करण्यास नकार दिल्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्या धर्मनियमाच्या रक्षणासाठी त्यांना बाहेर काढले, तो नियम शुद्धतेचा होता. ज्यासाठी ते बाहेर पडले, ती नीती होती. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. तेथेही मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या श्रमातून उचलीत. एका ठिकाणी येशूचे नाव, दुसऱ्या ठिकाणी कोणत्याच देवाचा आग्रह नाही. पण मुलांच्या हाती सोपवलेला दिनक्रम मात्र बराचसा सारखा. यावरून धर्माची काही गरजच नव्हती असा निष्कर्ष घाईने काढू नये. दुष्काळात स्वतःहून मध्य प्रांतात जाण्याचे बळ रमाबाईंना त्यांच्या श्रद्धेने दिले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या कोणत्याही समीकरणात मावत नाही.

इथवर सारे गोड आहे. पण केडगावची कथा इथेच संपवली तर ती अर्धी राहील, आणि उरलेला अर्धा भागच आज आपल्याला अधिक उपयोगाचा आहे.

शारदा सदन हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या अटीवर पुण्यातील सुधारकांनी त्याला पाठिंबा दिला होता. तेथे जातीचे नियम पाळण्याची मुभा होती आणि स्वयंपाकाची व्यवस्थाही त्याप्रमाणे ठेवलेली होती. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली येऊन बसत. मी कोणाला बोलावीत नाही, पण येणाऱ्याला अडवणारही नाही, अशी त्यांची भूमिका. यावरून वादळ उठले. टिळकांच्या ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात रमाबाईंची बाजू घेणे सोपे आहे आणि ‘केसरी’ची बाजू घेणेही तितकेच सोपे आहे. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. दार उघडे ठेवणे ही सक्ती नव्हे, हे खरे. परंतु ज्या बाईंनी आसरा दिला, अन्न दिले, अक्षर दिले, तिच्या उघड्या दाराची ओढ विलक्षण असते. तटस्थतेचे आश्वासन देणाऱ्याने ही ओढ हिशेबात धरली पाहिजे. उलट बाजूने, ज्या पालकांनी मुली घरी नेल्या त्यांनी त्यांच्यासाठी दुसरे कोणते दार उघडले? ते उघडले धोंडो केशव कर्वे यांनी, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून. आणि त्या कर्व्यांची पत्नी आनंदीबाई, माहेरची गोदूबाई, ही शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. तिने धर्म बदलला नाही. मार्च १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह झाला, आणि पुढे बाया कर्वे या नावाने तिने पतीच्या संस्थेसाठी लोकांच्या दारोदार जाऊन वर्गणी गोळा केली. ‘माझे पुराण’ हे तिचे आत्मचरित्र शिक्षकांनी मिळवून वाचावे. रमाबाईंचा धर्म न घेता त्यांची चिकाटी तेवढी घेतलेली ही विद्यार्थिनी, माझ्या मते, शारदा सदनाच्या तटस्थतेची सर्वांत मोठी कमाई आहे.

केडगावात मात्र तटस्थतेची अट राहिली नाही. येथील मुलींना घेऊन जायला पालकच नव्हते. ज्यांचे जग दुष्काळाने पुसून टाकले होते, त्यांच्यापुढे जगण्याचा एकच पर्याय होता आणि त्या पर्यायाबरोबर एक धर्म येत होता. १९०५ मध्ये तेथे धार्मिक भावनेची मोठी लाट आली आणि मुलींचे जथे गावोगाव प्रचारास जाऊ लागले. त्यांचा आनंद खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो की, निवड या शब्दाला किमान दोन पर्याय लागतात. जिथे नाही म्हणण्याची किंमत उपासमार असते, तिथे हो या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. हा आक्षेप जीव वाचवणाऱ्यांच्या ऋणाशी प्रतारणा करणारा आहे असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण तो मूळचा रमाबाईंचाच आहे.

इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी जो पत्रव्यवहार केला, तो पाहावा. पुरोहितांच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितांचा शब्द ईश्वराचा शब्द म्हणून आपण मानणार नाही. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी आहे आणि तिचे स्वातंत्र्य आपण सोडणार नाही, असे त्यांनी ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांनाच बजावले. त्या चेल्टनहॅमला शिकवीत असताना तेथे पुरुषांना त्यांनी शिकवू नये असे बिशप मंडळींचे मत पडले, तेव्हाही त्यांनी वाद घातला. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने तक्रार निराधार ठरवली, तरी त्यांनी माघार घेतली नाही. राज्यकर्ते आपल्या धर्माचे आहेत म्हणून त्यांनी मौन स्वीकारले नाही. जबाबदार नागरिक म्हणून आपण ज्याची व्याख्या पाठ करून घेतो, तो माणूस वास्तवात असा दिसतो: आश्रयदात्याचे उपकार मानणारा, पण त्याला प्रश्न विचारणारा. प्रश्न एवढाच उरतो की रमाबाईंना मिळालेले हे स्वातंत्र्य मुक्ती सदनातील एखाद्या पोरक्या मुलीला रमाबाईंच्या बाबतीत किती मिळू शकले असते? थोडेच, असे मला प्रामाणिकपणे वाटते; आणि त्याला रमाबाईंच्या स्वभावापेक्षा त्या मुलीची निराधार अवस्था अधिक कारण होती.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांना ही अवस्था ठाऊक होती. म्हणून घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णतया सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली. मान्यताप्राप्त व अनुदानित संस्थांत ते चालू ठेवले, पण विद्यार्थ्याच्या आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून त्यास उपस्थितीची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. त्यानंतर १९५९ मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षणाविषयी समिती नेमली गेली. दिवसाच्या आरंभी काही मिनिटे मौन चिंतन असावे ही तिची एक सूचना. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवणे आणि धर्म शिकवणे यांत फरक केला आणि पहिल्यास घटनेची आडकाठी नाही असा निर्वाळा दिला. आपल्या राज्यात परिपाठ आणि मूल्यशिक्षण आले: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा अशी दहा मूल्यांची यादी प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ असते. २०२० च्या २६ जानेवारीपासून शाळांत घटनेच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा आदेशही निघाला. तेलंगांनी नाकारलेले पुस्तक, म्हणजे, हप्त्याहप्त्याने आले.

ही सारी योजना वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. सकाळी पाचशे मुले शांत उभी राहून एखादी चांगली प्रार्थना म्हणतात, त्याचा मनावर काहीच संस्कार होत नाही असे कोण म्हणेल? पण त्याच शाळेत मार्च महिन्यात परीक्षा केंद्राच्या कुंपणावरून चिठ्ठ्या येतात आणि ‘कॉपीमुक्त अभियाना’चा फलक त्याच कुंपणावर लटकत असतो, तेव्हा मूल दोन्हींपैकी कोणता पाठ खरा मानते, हे सांगावयास नको. मूल्यशिक्षणाचा तास न घेताच तो घेतल्याची नोंद टाचणवहीत होते. ती नोंद सत्य या मूल्याची आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शिक्षकांना मी यात दोष देत नाही. अहवाल मागणाऱ्यांनी मूल्यांचाही तक्ता मागितला की तक्ता भरला जाणारच.

तर मग संस्कार कोणत्या ठिकाणी होईल? एक अगदी रूक्ष सूचना करतो. शालेय पोषण आहाराची खिचडी आज बहुतेक शाळांत शिजते. किती तांदूळ आला, किती शिजला, किती मुले जेवली, किती उरला, याची नोंद शिक्षक ठेवतात. ही नोंद सातवीच्या मुलांच्या एका गटाने दर आठवड्याला तपासावी, शिल्लक तांदूळ प्रत्यक्ष मापून पाहावा, आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर लावावा. आकडे जुळले नाहीत तर मुख्याध्यापकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या गटाला असावा. गणित, श्रमप्रतिष्ठा, सत्य आणि लोकशाही यांचा चार तासांचा अभ्यास या एका पोत्यात आहे. अडचण एवढीच की, मूल खरोखरच प्रश्न विचारील. जी शाळा हा प्रश्न सोसू शकत नाही, तिने मुलांना नागरिकत्वावर निबंध लिहावयास सांगू नये.

आणि संमतीचे काय? दौंड तालुक्यात दरवर्षी उसाच्या हंगामात तोडणी कामगारांची कुटुंबे येतात. बरोबर मुले असतात. काही मागे वसतिगृहांत किंवा नातेवाइकांकडे राहतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, निवासी शाळा यांत आजही असंख्य मुले अशी आहेत की त्यांचे जेवण, अंथरूण आणि शाळा एकाच हाताकडून येते. तो हात कधी एका धर्माच्या संस्थेचा असतो, कधी दुसऱ्या, कधी सरकारचा. त्या मुलांच्या पालकांकडून २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संमतीची सही किंवा अंगठा घेतलेला असतो, किंवा घेतला आहे असे धरलेले असते. आपले मूल प्रार्थनेला बसले नाही तर त्याची जागा जाईल असे ज्या बापाला वाटते, त्याचा अंगठा हा कायद्याने संमती आणि अर्थाने भाडे असतो. तेव्हा वसतिगृहाच्या प्रवेशअर्जापासून धर्मशिक्षणाच्या संमतीचा कागद वेगळा असावा, तो प्रवेश पक्का झाल्यानंतर पुढे करावा, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला त्या वेळेत दुसरे काही सन्माननीय काम असावे. वाचनालय असेल तर उत्तमच.

केडगाव स्थानकावर उतरणाऱ्याला आजही दोन वाटा विचारता येतात. एक रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे जाते, दुसरी नारायण महाराजांच्या बेटावरील दत्तमंदिराकडे. भोवतालच्या गुऱ्हाळांचा वास दोन्ही वाटांवर सारखाच येतो, आणि दोन्हीकडे जाणारी पोरे सकाळी एकाच फलाटावरून चालत येताना दिसतात. आपले दप्तर क्षणभर खाली ठेवून एखादे मूल दुसऱ्याच्या वाटेविषयी काही विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी असलेला शिक्षक त्याला कुठल्या तरी एका शाळेत भेटावा.